प्याद्याची मात

मार्च संपत आला की मिरजेच्या पुढं, कवठे महांकाळच्या रस्त्याला बेदाण्याचा वास सुटतो. आधी पिकल्या द्राक्षांचा, मग उन्हात आटत चाललेल्या साखरेचा, आणि शेवटी गंधकाच्या धुरीचा, जो नाकात शिरला की डोळ्यांना पाणीच येतं. एसटीतल्या बायका पदर नाकाला लावतात. मीही पूर्वी लावायची. आता नाही लावत. डोळ्यांना पाणी यायला काहीतरी सांगण्यासारखं कारण मिळतंय, तर मिळू दे.

मी सांगलीत बुद्धिबळ शिकवते. जन्म गेला त्यात. स्वभाव खवट आहे, हे मला लोकांनी इतक्यांदा सांगितलंय की आता मीच आधी सांगून टाकते. पालक मला घाबरतात, पोरं घाबरत नाहीत, त्यामुळं क्लास चालतो. खेळाडू म्हणून मी बरी होते, पंच म्हणून कडक. कडकपणाचा मला फार अभिमान होता. त्याचीच ही गोष्ट, आणि गोष्ट तरी कसली, एका बेदाण्याच्या हंगामात माझ्या हातून जे झालं ते.

लॉकडाऊनचं दुसरं वर्ष होतं. क्लासला कुलूप, पटांवर धूळ, आणि सगळं जग मोबाईलच्या काचेत जाऊन बसलेलं. साताऱ्याच्या एका मंडळानं ऑनलाइन स्पर्धा घेतली, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांसाठी, वयाची अट नाही. समोर कॅमेरा चालू ठेवायचा, मोबाईलवर डाव खेळायचा. कोणी चोरून कॉम्प्युटरची मदत घेतोय का हे बघायला तिघांची समिती. साताऱ्याचे जाधव सर अध्यक्ष, पुण्यात नोकरी करणारा एक आकडेवाला तरुण, आणि मी. मला का घेतलं? तर म्हणे, "बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही." कपाळ माझं.

त्या स्पर्धेत बिरूतात्या होते.

बिरूतात्या म्हणजे कवठे महांकाळकडचे धनगर. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, डोक्याला पिवळं मुंडासं. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. नंतर भागात कालव्याचं पाणी आलं, त्यांच्या मुलानं थोडी द्राक्षबाग लावली, बेदाण्याची शेड घातली, आणि तात्यांच्या पायाची भिंगरी थांबली. बेदाण्याच्या सौद्याला मुलाबरोबर सांगलीला यायचे. मुलगा मार्केट यार्डात, आणि तात्या थेट माझ्या क्लासात. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं पत्ता चुकलेत. दारात चपला काढून म्हणाले, "बाई, हितं घोडी-हत्ती खेळत्यात म्हनं. एक डाव द्या की."

दिला. आणि हरले. मी, पस्तीस वर्षं शिकवणारी बाई, एका मेंढक्याकडून हरले. पोरं खिदळली. तात्या मात्र ओशाळले, म्हणाले, "आवं तुमी ध्यान दिलं न्हाई म्हनून." ध्यान डोंबलाचं! मी चांगलं डोकं धरून बसले होते.

हा माणूस बुद्धिबळ शिकला कुठं? तर पलूसला. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं कृष्णाकाठी उतरायची. तिथल्या एका शेतकऱ्याच्या रानात आठ दिवस मेंढरं बसवायची, म्हणजे रानाला खत मिळायचं. त्या शेतकऱ्याला बुद्धिबळाचं वेड आणि गावात जोडीदार कोणी नाही. त्यानं ह्या पोरसवदा धनगराला धरून शिकवलं. ढेकळं बाजूला सारून जमिनीवर घरं आखायची, खड्यांची प्यादी, बाभळीच्या शेंगांचे उंट. आठ दिवस संपले की डाव अर्धाच राहायचा. मग? मग पुढच्या साली मेंढरं परत आली की तिथून पुढं. वर्षभर तो डाव तात्यांच्या डोक्यात. "मेंढरामागं चालायचं आन डोस्क्यात घोडा फिरवायचा. दुसरं काम काय हुतं?" असं म्हणून हसायचे. पुढचे दोन दात नव्हते.

जाताना दरवेळी मुंडाशाच्या पदरातून मूठभर बेदाणा काढून टेबलावर ठेवायचे. मी म्हणायची, "तात्या, फी घेत नाही मी तुमच्याकडून." ते म्हणायचे, "ही फी न्हाई, ह्यो बेदाना हाय."

हे सगळं मला माहीत होतं. हेच तर सांगायचंय. मला माहीत होतं.

त्यांच्या घरात रेंज नव्हती. शेडच्या मागं मुरमाचा एक उंचवटा आहे, तिथं मात्र चांगली यायची. सुनेनं, मंगलनं, क्रेट पालथा घालून त्यावर दोन मोबाईल उभे केले, एक खेळायला आणि एक कॅमेऱ्याला, वर शेडनेटचा तुकडा बांधला, आणि तात्या तिथं मांडी घालून बसले. मागं जाळ्यांवर द्राक्षं वाळतायत, बायका वाळलेला माल झाडून काढतायत, आणि पुढं हा मुंडासंवाला माणूस काचेवर बोट ठेवून इंजिनिअरिंगच्या पोरांना हरवतोय. पहिल्या दोन फेऱ्या मी घरात एकटीच टाळ्या वाजवत बघितल्या. खोटं कशाला सांगू, आनंद झाला होता मला.

पाचव्या फेरीत त्यांनी साताऱ्याच्या मानांकन असलेल्या एका खेळाडूला हरवलं. नुसतं हरवलं नाही, पिसून काढलं. मधेच एक हत्ती देऊन टाकला, आणि तो का दिला हे सहा खेळ्यांनंतर कळलं. असा डाव मी सांगलीत आजवर दोन-चारदाच बघितला असेल. त्याच दिवशी तक्रार आली. हा माणूस खेळी करण्याआधी प्रत्येक वेळी डावीकडं बघतो. बघत होतेच ते. डावीकडं काय होतं? माळ होता. सगळं आयुष्य माळाकडं बघत विचार केलेला माणूस चार इंचांच्या काचेकडं बघत कसा विचार करेल? पण हे मला आता सुचतंय.

समितीची बैठकही काचेतच झाली. आकडेवाल्या तरुणानं आलेख लावला. तात्यांच्या खेळ्या आणि कॉम्प्युटरच्या खेळ्या किती जुळतात ते दाखवलं. खूप जुळत होत्या. पोरगा सज्जन होता, तो म्हणाला, "मॅडम, यावरून खात्रीनं काही सांगता येत नाही. एखादा माणूस एखाद्या दिवशी असा खेळू शकतो." जाधव सर म्हणाले, "शिवाय शेवटी चुकलाय की तो. इथं बघा, वजिरानं एका खेळीत मात होती. ती सोडून प्यादं पुढं ढकलत बसला. कॉम्प्युटर बघून खेळणारा एका खेळीतली मात सोडेल का?"

तिथं विषय संपला असता. तात्या सुटले असते.

मी बोलले. माझ्या नजरेतून काही सुटत नाही ना! मी म्हणाले, "सर, अट्टल लबाड असेच करतात. सगळं बरोबर खेळलं तर संशय येतो, म्हणून शेवटी मुद्दाम एक चूक करायची. डाव तर जिंकलेलाच असतो, चूक फुकट पडते." मग जाधव सर म्हणाले, "हे माझ्या डोक्यातच नाही आलं. मानलं बाई तुम्हाला." आणि मला बरं वाटलं. शपथ सांगते, त्या क्षणी मला अगदी बरं वाटलं. ओळखीच्या माणसाचीही गय करत नाही अशी मी.

ठरलं असं, की कबुलीचा कागद सही करून पाठवला तर सहा महिने बंदी. नाही पाठवला तर कायमची, आणि नाव जाहीर. तात्यांना हे सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझी ओळख.

दुपारी फोन केला. मंगलनं शेडमध्ये उचलला, आणि तात्यांना हाका मारत उंचवट्यावर नेऊन दिला. मी सगळं सांगितलं. त्यांना आधी कळेचना. "कापूटर कुनाचा? आमच्यात न्हाई कापूटर." मग कळलं. मागचा वारा आणि बायकांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "तात्या, सही करून टाका. सहा महिन्यांत मोकळे व्हाल. उगाच नावाला बट्टा नको."

"तुमी म्हनताय तर करतो, बाई. तुमी काय वाईट सांगनार न्हाई." मग म्हणाले, "पन म्या कायबी केलं न्हाई, ह्ये तुमास्नी तरी ठावं हाय न्हवं?"

साधा प्रश्न होता. हो किंवा नाही. माझ्या फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. मी म्हणाले, "तात्या? हॅलो? आवाज येत नाहीये तात्या, नेटवर्क जातंय." आणि फोन ठेवला. लगेच परत वाजला. वाजू दिला. पुन्हा एकदा वाजला. तोही वाजू दिला. मग उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच होती तरी.

दुसऱ्या दिवशी कागद आला. मंगलनं फोटो काढून पाठवला होता. खाली तात्यांची सही, एकेक अक्षर कोरून काढलेली.

त्यानंतर क्लास उघडले, शाळा उघडल्या, सौदे पुन्हा सुरू झाले. तात्या आले नाहीत. सहा महिने झाले, वर्ष झालं. मुलगा एकदा बाजारात भेटला, मान खाली घालून म्हणाला, "तात्या आता कुटं जात न्हाईत." मला वाटलं, बरंच झालं. अपराधी माणूस तोंड चुकवतो, असं मनाशी म्हणाले. कोण कोणाचं तोंड चुकवत होतं!

आणि खेळाचं काय झालं ते सांगते. मागच्या आठवड्यात क्लासमधल्या एका मुलीनं उंटाचा असा सुंदर बळी दिला की कोणीही जागेवरून उठावं. माझी पहिली नजर कुठं गेली असेल? तिच्या मनगटाकडं. घड्याळ साधं आहे की स्मार्ट, ते बघायला. आमचे बाबा चांगली खेळी दिसली की "आहाहा" करून मांडीवर थाप मारायचे. मी मनगट बघते. चांगली खेळी म्हणजे आता पुरावा. जितकी चांगली तितका मोठा गुन्हा. पोरं चुकली की मला हायसं वाटतं, चूक तरी त्यांची स्वतःची असते. अशा बाईनं शिकवू नये खरं तर. पण दुसरं मला येतं काय?

बाबांचा विषय निघाला तो अशाच एका वर्गात, मागच्या पावसाळ्यात. बाबा हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. मालक जैन, शेठ म्हणायचे त्यांना सगळे, आणि दोघांनाही बुद्धिबळाचं व्यसन. गिऱ्हाईक नसलं की पोत्यांवर पट मांडायचे. हळदीनं पटावरचे पांढरे मोहरे पिवळे झाले होते आणि काळे मोहरेसुद्धा पिवळटच. मी पोरांना प्याद्यांबद्दल शिकवत होते. एका मुलानं विचारलं, "बाई, प्याद्यानं मात दिली तर जास्त मार्क मिळतात?" मी हसले. म्हणाले, "आता नाही मिळत रे. पण आमच्या बाबांच्या वेळी लय मान होता. वजिरानं कोणीही मारेल, प्याद्यानं मारून दाखव, असं म्हणायचे. वजिरानं मात दिसत असली तरी सोडून द्यायचे आणि प्यादं—"

वाक्य पुरं झालंच नाही. पोरं बघत राहिली. मी बाकावर बसले.

एकदा बाबांनी शेठना प्याद्यानं मात दिली, तेव्हा शेठ गादीवरून उठले, बाबांना हाताला धरून गादीवर बसवलं, आणि दिवेलागणीपर्यंत स्वतः समोर पोत्यावर बसून राहिले. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, दुकानाच्या पायरीवर. हे मी बघितलेलं आहे. माझ्या डोळ्यांनी. साताऱ्याच्या सरांना आणि पुण्याच्या पोराला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

घरी येऊन तो डाव काढला. वजीर एक घर सरकला असता तर मात होती, उघडीनागडी, पाचवीतल्या पोरालाही दिसेल अशी. तात्यांनी वजीर हलवलाच नाही. हत्ती बाजूला घेऊन वाट मोकळी केली, मग प्यादं एक घर, मग आणखी एक घर, आणि मात. जगातलं कुठलंही यंत्र ही खेळी सुचवणार नाही. आणि कोणी यंत्र बघून खेळत असता तर त्यालाही ती सुचली नसती. पुण्याच्या पोराचा आलेख तर तिथवर पोचतच नव्हता. डाव जिंकल्यात जमा झाला की पुढच्या खेळ्या मोजत नाहीत. तात्यांचं माणूसपण नेमकं न मोजलेल्या भागात होतं, आणि तिथं बोट ठेवून मी त्याला लबाडी म्हटलं होतं.

जाधव सरांना चार पानं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, तुमचं पटतंय हो. पण खेळाडूनं स्वतः कबुली दिलीय. सहीचा कागद आहे. आता कशाला उकरून काढायचं? बंदीही केव्हाच संपली." कबुली कोणी द्यायला लावली हे ते बोलले नाहीत. मीही नाही बोलले.

तेव्हापासून जाईन जाईन म्हणत होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. परवा यार्डाजवळ बेदाण्याचा वास नाकात बसला आणि एसटीत बसले.

शेडमध्ये मंगल आणि चार बायका निवडायला बसल्या होत्या. हिरवा बेदाणा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा पडलेला पार बाजूला. हात इतके भरभर चालत होते की नजर ठरेना. मी एक काळा उचलून तोंडात टाकला. गोडच होता. मंगल म्हणाली, "आवं, चवीला समदं सारकंच. पन बगनारा रंग बगतो."

तिनंच मग हळू आवाजात सांगितलं. कागदाचं गावात कळलं. पारावरची माणसं तात्या दिसले की, "तात्या, मुंडाशात काय दडवलंय बगू" म्हणायची. वाईटावर नव्हती कोणी, नुसती गंमत. चार-पाच दिवस तात्याही हसले. मग पारावर जायचे बंद झाले. "पट चुलीत घालाय निघालं हुतं, बाई. म्या लपवून ठेवला. पन मागितला न्हाई परत कवा."

तात्या उंचवट्यावर बसले होते, माळाकडं तोंड करून. वाळले होते. मला बघून उठायला लागले, "बाई! आवं कवा आलासा?" आणि सुनेला चहा सांगितला. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी नीट बसले तरी असते.

पट मी घेऊन गेले होते. क्रेट पालथा करून त्यावर तो डाव मांडला, आणि म्हणाले, "तात्या, इथं वजिरानं मात होती. का नाही दिलीत?"

तात्यांनी पटाकडं बघितलं. हात पुढं आला, आणि मोहऱ्याला न शिवता मागं गेला. "ह्यो साताऱ्याच्या पोराचा डाव," म्हणाले. "दिसली हुती की. पलूसचं मालक म्हनायचं, गडी तगडा आसला तर वजिरानं मारू नगंस, प्याद्यानं मार, त्येचाबी मान ऱ्हातो. ते पोरगं लय चांगलं खेळलं हुतं, बाई. म्हनून प्यादं."

मला वाटलं होतं ते स्वतःच्या मानासाठी खेळले. ते त्या पोराच्या मानासाठी खेळले होते. त्याच पोराच्या बाजूनं तक्रार आली होती.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत, तात्या?" हे मी विचारलं. मी!

"सांगनारच हुतो की. तुमास्नी कळलं आसतं, तुमचं वडील बी तसंच खेळायचं म्हनाला हुतासा एकदा. पन तुमचं नेटवर्क गेलं." तात्या अगदी साधेपणानं बोलत होते. "हितं तर रेंज हाय, म्हटलं सांगलीत गेली आसंल. म्या लय येळ हॅलो हॅलो केलं. दोनदा लावला. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे, बाईनं सांगितलंय तर करू सही."

वारा सुटला होता. खाली शेडमध्ये बायका कशावरून तरी हसत होत्या. तात्या माझ्याकडं बघत होते, उत्तरासाठी नव्हे, चहा आला म्हणून, कप माझ्यापुढं सरकवत. सांगायची हीच वेळ होती, आणि ती पुन्हा येणार नाही हे मला कळत होतं.

"हो तात्या," मी म्हणाले. "त्या दिवशी सांगलीत नेटवर्क फार वाईट होतं."